नागवेकरांची चोवीस तासांची लघवी

हर्षद नागवेकरांना आजवर कुणी शूर म्हटलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. कचेरीत बसून धरणांच्या पाण्याचे आकडे तक्त्यात भरायला शौर्य लागत नाही, चष्मा लागतो. दाढ काढायला गेले असताना ते खुर्चीवरून उठून, गळ्यातला तो कागदी रुमाल तसाच ठेवून, चालत घरी आले होते. अशा माणसाने आपली किडनी देऊ केली, ही बातमी फुटली तेव्हा सगळ्यात जास्त धक्का कुणाला बसला असेल तर तो नागवेकरांना.

त्याचं असं झालं. त्यांची धाकटी बहीण दर्शना. तिच्या दोन्ही किडन्यांनी काम टाकलं, तेव्हा आंजर्ल्याचं सासर सोडून ती रत्नागिरीला भावाकडे राहायला आली. एक दिवसाआड डायलिसिस. नवरा मुंबईत नोकरीला. बिचारा किडनी द्यायला तयार होता, पण रक्तगट जुळेना. एके दिवशी डायलिसिस सेंटरच्या डॉक्टर राही मयेकर बाहेर आल्या आणि बाकावर दर्शनाभोवती बसलेल्या नातेवाइकांना त्यांनी विचारलं, "घरातलं आणखी कुणी तयार आहे का?" मामा पंख्याकडे बघायला लागले. चुलतभावाला नेमका फोन आला, तोही न वाजता. नागवेकरांना अशी शांतता सोसत नाही. कचेरीच्या बैठकीतसुद्धा सगळे गप्प झाले की हे काहीतरी बोलतात आणि काम गळ्यात घेऊन परत येतात. "मी आहे की," ते म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं, मी आहे की, आपण काहीतरी मार्ग काढू. पण वाक्य पुरं व्हायच्या आत दर्शनाने त्यांचा हात घट्ट धरला आणि ती हमसून रडायला लागली. रडणाऱ्या बहिणीला 'थांब जरा, वाक्य पुरं करू दे' असं म्हणणारा भाऊ अजून कोकणात जन्माला यायचा आहे.

त्या दिवसापासून नागवेकर बाहेर छाती काढून हिंडत होते आणि रात्री मात्र पलंगावर उठून बसत होते. मासळीबाजारात कोळणी त्यांना निवडून पापलेट देऊ लागल्या. कचेरीत साहेबांनी उठून खुर्ची दिली. कौतुक वाढत गेलं तसा परतीचा रस्ता बंद होत गेला. डॉक्टर राहींनी त्यांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. पाठीकडे, बरगड्यांच्या खाली, कण्याच्या दोन बाजूंना मुठीएवढ्या दोन किडन्या. प्रत्येकीत दहा लाख बारीक गाळण्या. दिवसभरात रक्तातलं पावणेदोनशे लिटर पाणी त्या गाळतात आणि जवळजवळ सगळं शरीराला परत करतात. घाण आणि जादाचं मीठ-पाणी तेवढं दोन नळ्यांतून खाली मूत्राशयात सोडतात. ते दिवसाला दीड-दोन लिटर भरतं. इतका चोख हिशेब नागवेकरांनी कुठल्याच जलाशयाचा पाहिला नव्हता.

"आणि एक काढली तर?"

"उरलेली थोडी वाढते आणि दोघींचं काम करायला लागते."

कचेरीत एकजण निवृत्त झाला की शेजारच्या टेबलाचं काय होतं हे माहीत असल्यामुळे नागवेकरांना हे लगेच पटलं. धीर मात्र आला नाही.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, गट जुळला, साखरबिखर सगळं ठीक निघालं. मग आली चोवीस तासांची लघवी. किडन्या किती आणि कशा गाळतात ते तिच्यावरून कळतं म्हणे. लॅबमधल्या मुलीने एक पांढरा कॅन त्यांच्या हातात दिला. "काका, रविवारी सकाळची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची प्रत्येक यात. सोमवारची सकाळची पहिली धरून. नेहमीसारखं खायचं, नेहमीइतकंच पाणी प्यायचं. कॅन थंड जागी ठेवायचा. आणि एक जरी बाहेर गेली तरी टेस्ट बाद."

"पहिली का टाकायची?"

"ती आदल्या रात्रीची असते."

म्हणजे मागील शिल्लक धरायची नाही. नागवेकरांना नियम आवडला. नियम असला की त्यांना निम्मी भीती कमी वाटते.

अडचण आली ती थंड जागेची. ज्ञानेश्वरीवहिनी, म्हणजे नागवेकरांच्या सौभाग्यवती, फ्रिजपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "आत सोलकढी आहे, नैवेद्याचं दूध आहे. ते तिथे बसणार असेल तर मी मंडणगडला माहेरी जाऊन बसते." शेवटी शेजारचे नझीरभाई मदतीला धावले. जन्मभर जहाजावर काढून आता मिरकरवाड्याला मासळीचा धंदा बघणारा हा माणूस. त्याने थर्माकोलची पेटी बर्फ भरून आणली. पेटीवर मोठ्या अक्षरात 'सुरमई' लिहिलेलं होतं. घरात जागा नव्हती म्हणून ती दाराबाहेरच्या सामाईक गॅलरीत ठेवली, आणि इथेच नागवेकरांच्या अब्रूचं खोबरं झालं.

कारण गॅलरीतल्या पेटीत सुरमई नाही हे सोसायटीला कळायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे सदू आंब्रे भेटीला आले. त्यांना पूर्वी एकदा मुतखडा झाला होता. तेव्हापासून कमरेखालच्या सर्व रोगांत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी झाकण उघडलं, कॅन उजेडात धरला आणि मान हलवली.

"येवढीच? नागवेकर, अहो दुपार होत आली. माझ्या वेळेला या टायमाला निम्मा कॅन झालेला होता."

"मी नेहमीइतकंच पाणी प्यायलोय," नागवेकर म्हणाले.

"नेहमीइतकं पिऊन किडनी नेहमीइतकीच चालणार. परीक्षेच्या दिवशी पोरगा नेहमीइतकाच अभ्यास करतो काय? सरकारी किडनी, ढकलल्याशिवाय चालायची नाय ती."

बाकी सगळं सोसलं असतं, पण 'सरकारी' हा शब्द नागवेकरांच्या वर्मी बसला. त्यांनी तांब्याभर पाणी उभ्या उभ्या रिचवलं. आंब्र्यांनी घरून कुळथाचं कढण पाठवलं, ते प्यायले. नझीरभाईंनी शहाळी सोलून ठेवली. त्यांच्या बायकोने, फरीदाभाभींनी, जवाचं पाणी आणलं. "हर्षदभाय, ह्येच्यानं सगळा साफ होतंय. पिऊन टाका गपचूप." दुसऱ्याच्या प्रेमाला नाही म्हणता येत नाही, आणि एकाचं घेऊन दुसऱ्याचं नाकारलं तर सोसायटीत बोलणी बसतात. त्यामुळे नागवेकर पीत राहिले.

खोलीच्या कोपऱ्यात दर्शना बसली होती. तिच्याजवळ तिची बाटली होती. तिला दिवसभरात प्यायला तेवढंच पाणी. जास्त प्यायली तर ते बाहेर पडायला वाट नाही, अंगावर सूज येते, छातीत भरतं. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मग गिळायचा. ती भावाकडे बघत म्हणाली, "दादा, नेहमीइतकंच प्यायला सांगितलंय ना रे?"

"तू गप्प बस. इथे इज्जतीचा प्रश्न आहे."

किडन्यांना इज्जत वगैरे कळत नाही. जादा आलं की जादा सोडायचं एवढंच त्यांना माहीत. दुपारनंतर नागवेकरांचा विसर्ग असा काही सुरू झाला की नुसत्या येरझाऱ्या. कॅन गळ्यापर्यंत आला. आंब्र्यांनी पाहणी करून "हां, आता कसं!" असा दाखला दिला, आणि नागवेकरांना जरा बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा होती. विषय : पाण्याच्या टाकीची गळती. नागवेकर सेक्रेटरी, त्यामुळे जाणं भाग. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि आंब्रे बोलायला उभे राहिले. आंब्रे टाकी कुणी बांधली इथपासून सुरुवात करतात, हे सर्वांना माहीत होतं. थोड्याच वेळात नागवेकरांच्या मूत्राशयाकडून पहिलं पत्र आलं. पिशवी भरत चालली की तिच्या भिंती ताणतात आणि नसा वर मेंदूकडे कळवतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिलं पत्र नम्र असतं, सवडीने विचार व्हावा अशा भाषेतलं. त्याला उत्तर दिलं नाही. मग स्मरणपत्र आलं. आंब्रे अजून वाळूच्या प्रतीवर होते. मग अंतिम नोटीस आली, आणि नागवेकरांच्या कपाळावर घाम फुटला.

"सेक्रेटरींचं यावर काय म्हणणं आहे?" आंब्र्यांनी विचारलं. "थेंब थेंब गळतंय नुसतं. थांबवायला नको?"

"थांबवलंय," नागवेकर म्हणाले आणि उठले.

समोरच वॉचमनचा संडास होता. दार सताड उघडं. दोन पावलांवर सुटका होती. पण एक जरी बाहेर गेली तरी टेस्ट बाद, मग पुन्हा रविवार, पुन्हा आंब्रे, आणि दर्शनाचा आणखी एक आठवडा सुयांवर. नागवेकरांनी दात आवळले आणि जिन्याकडे वळले. वीज गेलेली, लिफ्ट मधेच लटकलेली. तीन मजले ते गुडघे जुळवून, कठड्याला धरून चढले. प्रत्येक पायरीवर आता संपलं असं वाटायचं. वर पोचले तर दाराला कुलूप. नणंद-भावजय भाजी आणायला गेल्या होत्या. किल्ली फरीदाभाभींकडे. भाभींनी दार उघडलं, आणि अशा वेळी जो प्रश्न विचारू नये तोच विचारला. "चाय टाकू?"

नागवेकरांनी किल्ली हिसकावली असं भाभी पुढे सांगत असत. पण त्या दिवशी त्यांनी माफ केलं.

पेटी उघडली. कॅन काठोकाठ. आणखी एक पेला मावणार नाही. बादलीत करावं तर बादलीत कपडे भिजत घातलेले. नागवेकर स्वयंपाकघरात धावले. ओट्याखाली मंडणगडहून आलेला अमृत कोकमाचा मोठा कॅन होता. तळाशी चार बोटं गोड रस उरलेला. तो ओतून, कॅन विसळून घ्यावा एवढं भान होतं, वेळ नव्हता. एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणून नागवेकरांनी डोळे मिटले. पुढचे काही क्षण ते पूर्ण सुखी होते.

सोमवारी सकाळी ते दोन कॅन घेऊन लॅबमध्ये गेले. मुलगी दुसऱ्या कॅनकडे बघत राहिली. "काका, सिस्टिम एका नावावर एकच सॅम्पल घेते. दुसरा कॅन टाकला तर दुसरा पेशंट समजेल."

"मग?"

"मिसळावं लागेल." तिने मिसळलं. मोजलं. पाच लिटरच्या वर गेलं. तिने नागवेकरांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी खिशातला रुमाल काढून उगीच तोंड पुसलं.

दोन दिवसांनी डॉक्टर राहींनी बोलावलं. त्यांनी रिपोर्ट पुढ्यात ठेवला.

"लघवीत भरपूर साखर आहे. आणि दिवसाला पाच लिटर! तहान लागते का फार?"

"त्या दिवशी... बरंच प्यायलो होतो."

"तेच ते. रक्तात गेल्या महिन्यात काही दिसलं नव्हतं, पण ही लक्षणं मधुमेहाची आहेत. रंगही लालसर आलाय, रक्त मात्र नाही; ते काय आहे कळत नाही. रक्त पुन्हा तपासू. मधुमेह निघाला तर तुमची किडनी आम्ही घेणार नाही. दर्शनाताईंसाठी दुसरं कुणी बघायला लागा."

लालसर हा शब्द कानावर पडला आणि नागवेकरांना सगळं कळलं. कोकम! तोंड उघडलं, पण शब्द बाहेर आला नाही. कारण त्याच क्षणी त्यांच्या अंगावरून महिनाभराचं ओझं उतरलं होतं. टेबल नाही, चाकू नाही, भूल नाही. शब्द मोडला नाही, भावाचं कर्तव्य चुकलं नाही, आणि किडनी जागच्या जागी. फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात जे जमलं नव्हतं ते नागवेकरांना त्या दिवशी जमलं.

त्यांना वाटलं, घरी जरा रडारड होईल आणि संपेल. पण सोसायटी धावून आली. आंब्रे म्हणाले, "देवाने बघितलं, मन मोठं होतं माणसाचं!" आणि स्वतः कारल्याचा रस काढून घेऊन आले. चहातली साखर गेली, भात गेला, आंब्याचं तर नाव नको. फरीदाभाभी मेथीचं पाणी आणू लागल्या. जितकं कडू प्यावं तितकं कौतुक वाढे, आणि ते कौतुक त्या रसापेक्षा वाईट लागे. पुन्हा रक्त द्यायला जायचं ते नागवेकर आज कचेरी, उद्या सर्दी असं करून टाळत होते. त्यात ज्ञानेश्वरीवहिनींनी भर जेवणात विचारलं, "अहो, ओट्याखालचा कोकमाचा कॅन कुठं गेला? रस होता त्यात."

"उंदीर," नागवेकर म्हणाले.

"उंदराने कॅन नेला?"

"मोठा होता." त्यांना ठसका लागला आणि विषय तिथे थांबला. दर्शना मात्र भावाकडे बघत होती. नागवेकरांना वाटलं, हिला कळलं. कळलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटलं.

रविवारी दर्शना पिशवी भरताना दिसली. "कुठे निघालीस गो?" त्यांनी विचारलं.

"आंजर्ल्याला. आत्ता जाऊन उद्याच्या डायलिसिसला परत येते." ती खाली बघत घडी घालत होती. सुजलेल्या हातावर पट्ट्या होत्या. "गणपतीला नवस बोललेय. फेडायच्या आधी एकदा सांगून यायला हवं."

"कसला नवस?"

"दादाची साखर जाऊ दे. मला किडनी मिळाली नाय तरी चालेल." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "मला आता सवय झालीय रे. तुला कशाला नवीन दुखणं? माझ्यासाठी तपासायला गेलास म्हणून तरी कळलं, ते एक बरं झालं."

नागवेकरांच्या हातात कारल्याचा पेला होता. तो त्यांनी खिडकीत ठेवला. आंब्रे सोफ्यावर होते, ज्ञानेश्वरीवहिनी दारात, नझीरभाई-फरीदाभाभी नुकतेच आत आलेले. अशा भरल्या घरात त्यांचा आवाज चिरकला.

"ती साखर माझी नाय! कोकमाची आहे!"

कुणाला काही कळेना. मग नागवेकरांनी सभा, जिना, कुलूप, काठोकाठ भरलेला कॅन, चार बोटं रस, सगळं सांगून टाकलं. आधी नझीरभाईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले, मग आंब्रे पोट धरून वाकले. ज्ञानेश्वरीवहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. "माझ्या माहेरचा कॅन!" त्या म्हणाल्या.

दर्शनाही हसली नाही. "तुला तिथेच कळलं होतं, डॉक्टरांकडे?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"भ्यालो," नागवेकर म्हणाले. "मरणाचा भ्यालो गो. मला ऑपरेशनची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. तू रडलीस म्हणून मला सांगताच आलं नाही." आणि सोसायटीने ज्यांना मोठ्या मनाचे म्हटलं होतं ते सेक्रेटरी सर्वांसमोर लहान मुलासारखे रडले. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं.

दर्शनाने पिशवीतली साडी पुन्हा कपाटात ठेवली. "नाय म्हणायचं असेल तर नाय म्हण दादा," ती म्हणाली. "मी रागावेन. चार दिवस बोलणारसुद्धा नाय. पण खोटं आजारी पडू नकोस. मला ते सोसत नाय."

दुसऱ्या दिवशी नागवेकर डॉक्टर राहींसमोर उभे राहिले. "डॉक्टर, ती साखर माझी नव्हती. मंडणगडची होती."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांना जे बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही. "आणि ते पाच लिटर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते माझं. पण सल्ला शेजाऱ्यांचा."

चाचणी पुन्हा झाली. या वेळी ज्ञानेश्वरीवहिनींनी स्वतः फ्रिजमध्ये जागा करून दिली, दाराला आतून कडी लावली आणि आंब्र्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. रक्त दिलं, रिपोर्ट आले. लघवीत साखर नाही, प्रथिनं नाहीत, गाळण्या ठणठणीत. बहीण-भाऊ दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले, तेव्हा डॉक्टरांनी दर्शनाला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"नागवेकर, दात्याला एकट्याला विचारायची पद्धत असते. कुणाचा दबाव नाही ना? अजूनही तुम्ही नाही म्हणू शकता. म्हणालात तर मी बाहेर एवढंच सांगीन की तपासणीत बसत नाहीत. खरं कारण कुणाला कळणार नाही. तुमच्या बहिणीलाही नाही."

नागवेकर त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या चोरवाटेसाठी चार दिवस कारलं प्यायले, ती इथे उजळ माथ्याने, कायद्याने मिळत होती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. दाराच्या काचेतून बाहेर बसलेल्या दर्शनाची पाठ दिसत होती. ती वळून बघत नव्हती.

"देतो," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. पण मला भीती वाटते. तीही नोंदवून घ्या."

"त्याला रकाना नाहीये, नागवेकर."

"खाली शेरा आहे ना? ज्याला रकाना नसतो ते शेऱ्यात लिहितात."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि लिहिलं, 'दाता घाबरलेला आहे. स्वखुशीने किडनी देत आहे.' कागद त्यांनी पुढे सरकवला. नागवेकरांनी तो सावकाश वाचला, पुन्हा वाचला, आणि परत डॉक्टरांकडे सरकवला.

"दोन वाक्यांच्या मध्ये 'तरीही' घाला," ते म्हणाले.

डॉक्टरांनी 'तरीही' घातलं. मग नागवेकरांनी खाली सही केली.